वाईचे जोग आणि आमचं गोरखपूर

पंडित विष्णु गोविंद जोग ३१ जानेवारी २००४ रोजी कलकत्त्यात गेले. त्या दिवशी शनिवार होता. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीची अखिल भारतीय संगीत सभा ऐकायची, हे ज्यांच्या अंगवळणी पडलं होतं अशी काही वडीलधारी माणसं तेव्हा जबलपूरच्या गोरखपुरात अजून होती. माझे बाबा त्यांपैकी एक. बातमी कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "आपल्या घरातलं माणूस गेलं गं." आणि ते खरंच होतं. जोग आमचे नातेवाईक नव्हते, जबलपूरचे नव्हते, आमच्या उंबऱ्यावर कधी आलेलेही नव्हते. पण आमच्या घरात व्हायोलिन आलं ते त्यांच्यामुळे आणि माझं सगळं आयुष्य त्या चार तारांवर गेलं.

महाराष्ट्रात आज जोगांचं नाव काढलं की पुष्कळांना प्रभाकर जोग आठवतात. त्यांच्याविषयी पुढे लिहिणार आहेच. वाईच्या, पुढे लखनौच्या आणि अखेर कलकत्त्याच्या झालेल्या या दुसऱ्या जोगांविषयी मात्र मराठीत फार कमी बोललं जातं. ते परमुलखात राहिले, म्हणून असेल. आम्हीही परमुलखातलेच. म्हणून हा लेख गोरखपुरातून लिहिते आहे.

गोरखपूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उत्तर प्रदेशातलं शहर येतं. आमचं गोरखपूर ही जबलपुरातली एक वस्ती. इथून रस्ता ग्वारीघाटाला, नर्मदेवर जातो. जवळच हाऊबागचं स्टेशन. नैनपूरमार्गे गोंदियाकडे जाणारी छोटी लाइन तिथून धावायची, ती २०१५मध्ये बंद झाली. माझ्या लहानपणी त्या गाडीच्या शिट्टीवर घड्याळ लावणारी घरं होती. बाजारात बोली हिंदी, गुरुद्वाऱ्यापाशी पंजाबी, आणि आमच्यासारख्या घरांतून मराठी. ती मराठीही आमची वेगळीच. "मी बाजारात जाऊन राहिली आहे" असं आम्ही सहज म्हणायचो आणि पुण्याहून आलेले पाहुणे हसायचे. आई मात्र पोथी वाचायला बसली की शब्दन् शब्द शुद्ध.

मराठी माणूस जबलपुरात कालपरवा आलेला नाही. १७८१मध्ये मराठ्यांनी इथे ठाणं केलं. १७९८मध्ये पेशव्यांनी नर्मदाखोऱ्यातला हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला आणि १८१७च्या अखेरीस इंग्रजांनी तो घेतला. पण राज्य गेलं तरी माणसं राहिली. १८६१मध्ये मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. म्हणजे पुढची जवळजवळ शंभर वर्षं नागपूर आणि जबलपूर एकाच सरकारच्या हाताखाली होती. वकील, मास्तर, रेल्वेतले बाबू, तारघरातले कारकून यांची ये-जा सुरूच होती. माधवराव सप्रे दमोहकडचे, शिकले ते जबलपुरातही, आणि हिंदी पत्रकारितेचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि हायकोर्ट जबलपूरला आलं. कोर्टाच्या दप्तरांबरोबर नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबं इकडे आली. त्यांत हायकोर्टातले एक तरुण कारकून, त्यांची बायको आणि कडेवरची मी.

आणखी एक गोष्ट सांगते, ती जोगांच्या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. मुंबईहून निघालेली रेल्वे आणि कलकत्त्याहून निघालेली रेल्वे या दोन्ही मार्च १८७०मध्ये जबलपूरला येऊन मिळाल्या. मुंबई-कलकत्ता हा प्रवास सलग रुळांवरून होऊ लागला तो इथे. त्याच लोहमार्गावर, जबलपूरहून कटनी ओलांडलं की मैहर लागतं. बाबा अलाउद्दीन खाँ यांचं मैहर. सह्याद्रीच्या कुशीतला मुलगा आणि बंगालमधली मैफल यांच्या मधल्या वाटेवर आम्ही बसलो होतो.

व्हायोलिन आपल्याकडे आलं ते साहेबाच्या बँडमधून. दक्षिणेत ते आधी रुजलं. मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांनी मद्रासेत युरोपीय वादकाकडून ते शिकून घेतलं आणि कर्नाटक संगीतासाठी वळवलं. तंजावरचे वडिवेलू यांनी ते त्रावणकोरच्या दरबारात नेलं आणि स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दक्षिणेत व्हायोलिन घरचं झालं होतं. उत्तरेत मात्र त्याला पुढचं शतक उजाडावं लागलं. इथे सारंगी होती. गळ्याची साथ करण्यात सारंगीचा हात धरणारं दुसरं वाद्य नाही. पण सारंगिये कोठ्यांवर वाजवत, म्हणून पांढरपेशा घरांनी सारंगीला दाराबाहेर ठेवलं. तो अन्यायच होता. ती जागा पेटीने भरून काढली, आपल्या नाटक कंपन्यांनी तर पेटी डोक्यावर घेतली. मात्र पेटीला मींड येत नाही. दोन सुरांच्या मधल्या जागेत ती जाऊ शकत नाही.

आकाशवाणीने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१पर्यंत टिकली. त्या बंदीवर आजही वाद होतात आणि अनेक गुणी पेटीवादकांचं त्यात नुकसान झालं, हे खरं आहे. पण रेडिओच्या स्टुडिओत गवयाच्या मागे कुणीतरी तर बसायलाच हवं होतं. सारंगिये बसले, आणि त्यांच्या शेजारी व्हायोलिनवालेही बसू लागले. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. बोट जिथे थांबेल तिथे सूर, आणि घसरत नेलं की मींड. सुशिक्षित घरातल्या मुलाच्या हातात दिलं तरी कुणी भुवया उंचावत नसे. या दोन कारणांनी व्हायोलिन उत्तरेत टिकलं, असं माझं मत आहे. आणि ते टिकवण्यात मराठी माणसांचा वाटा फार मोठा.

त्यांतलं पहिलं मोठं नाव गजाननराव जोशी यांचं. १९११चा जन्म, वडील अंतूबुवा औंध दरबारचे गवई, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. गजाननराव स्वतः पट्टीचे गवई, आणि व्हायोलिन बहुतांशी स्वतःच्या कानाने कमावलेलं. त्यांच्या हाताखाली गोव्याचे श्रीधर पार्सेकर तयार झाले. मग कुरुंदवाडचे दामोदर केशव दातार, म्हणजे डी. के. दातार, द. वि. पलुस्करांकडे शिकलेले. त्यांची व्हायोलिनवरची गायकी इतकी निवळ की पलुस्करांचा गळाच आठवतो. ते २०१८मध्ये गेले. आणि या सगळ्यांच्या मध्ये, पण सगळ्यांपासून दूर, वि. गो. जोग.

जोग १९२२चे. सातारा जिल्ह्यातल्या वाईचे. लहान वयातच व्हायोलिन हाती आलं. शंकरराव आठवले, गणपतराव पुरोहित यांच्याकडे सुरुवातीचं शिक्षण झालं. आणि मग लखनौ.

लखनौचं मॅरिस कॉलेज हे संगीतशास्त्रकार भातखंडे यांचं स्वप्न. १९२६मध्ये ते सुरू झालं. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथले प्राचार्य. मुंबईचा हा मराठी माणूस बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडे तालीम घेऊन आला आणि त्याने आयुष्याची उमेद लखनौमध्ये खर्च केली. अवधच्या त्या शहरात वर्गाच्या फळ्यावर राग लिहून शिकवले जायचे, ठरलेल्या वेळी तास भरायचा आणि परीक्षा व्हायची. ज्यांच्या घरात गाणं नव्हतं अशा मुलामुलींना राग शिकायला मिळाले ते या पद्धतीमुळे. भातखंडे यांची क्रमिक पुस्तक मालिका मूळ मराठीत लिहिलेली, पण आम्ही जबलपुरात शिकलो ती हाथरसच्या हिंदी आवृत्तीवरून. बाबांना त्याचा कोण अभिमान. पाहुण्यांपुढे ते पुस्तक ठेवायचे आणि सांगायचे, हे मूळचं आपलं.

जोग रातंजनकरांकडे शिकले आणि त्याच कॉलेजात शिकवूही लागले. मैहरच्या बाबांचंही मार्गदर्शन त्यांना लाभलं. बाबा अलाउद्दीन खाँ सरोदिये म्हणून जगाला माहीत, पण तरुणपणी कलकत्त्यात लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे ते व्हायोलिन शिकले होते आणि ते वाद्य त्यांनी कधी सोडलं नाही. म्हणजे बघा, गोव्याच्या बँडमास्तराने कलकत्त्यात बंगाली मुलाला जे दिलं, ते पुढे वाईच्या मुलापर्यंत पोचलं.

पुढे जोग आकाशवाणीत गेले आणि कलकत्ता केंद्रावर संगीत निर्माते म्हणून स्थिरावले. तिथेच राहिले, तिथल्या मुलांना शिकवलं. शिशिरकणा धर चौधुरी ही त्यांची शिष्या. पुढे ती अली अकबर खाँसाहेबांकडेही शिकली आणि तिचं नाव देशाबाहेर गेलं. माझ्यासारख्या मुलीला त्या काळी तिच्या नावाचा केवढा आधार वाटायचा. मुलीने गाणं शिकावं इथवर आमच्या आळीतल्या बायका यायच्या, पण व्हायोलिन म्हटलं की, "हे काय गं, बँडवाल्यांसारखं?" अशी विचारणा व्हायची. आई तेव्हा शांतपणे म्हणायची, "रेडिओवर बायका वाजवतात." तेवढं पुरायचं.

१९५२मध्ये नभोवाणीमंत्री बा. वि. केसकरांच्या काळात शनिवारची अखिल भारतीय सभा सुरू झाली. केसकरांनी सिनेमाची गाणी रेडिओवरून हटवली म्हणून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. ती टीका आपल्या जागी असेलही. पण गोरखपुरातल्या दोन खोल्यांच्या घरात बडे गुलाम अली यांच्यासारख्यांची नावं जेवणाच्या पानावर निघायची ती त्या सभेमुळे. आमचा रेडिओ खिडकीत असायचा. जबलपूरला पावसाळ्यात खरखर वाढली की बाबा एरियलची तार हातात धरून उभे राहत. मैफल संपेपर्यंत उभे. जोग वाजवत असले की त्यांचा दुसरा हात आपोआप मांडीवर ताल धरायचा.

आणि त्यांच्या वाजवण्यात ताल धरायला लावणारंच काहीतरी होतं. आता त्याविषयी सांगते.

व्हायोलिन म्हटलं की बहुतेकांच्या मनात करुण सूर येतो. त्याला कारण सिनेमा. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये गोव्याहून आलेले उत्तमोत्तम वादक रांगांनी बसत. अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक, प्यारेलाल त्यांचे शिष्य. ती माणसं असामान्य कसबाची. पण पडद्यावर विरह आला की व्हायोलिन, आईचा मृत्यू आला की व्हायोलिन, असा संकेतच पडून गेला. जोगांचं व्हायोलिन तसं नव्हतं. ते हसायचं. आलापीत ते पुरेसे गंभीर, मींड गळ्यातून आल्यासारखी भरीव. पण गत सुरू झाली की त्यांचा गज नाचू लागे. सतारीच्या मिजराबीने जसे बोल काढतात तसे छोटे, तुटक, चपळ गज ते मारत. तबलजीला एखादा तुकडा फेकून द्यायचा, तो काय करतो ते ऐकायचं आणि मग त्याच्या उत्तरातच आपला पुढचा तुकडा शोधायचा. गायकी, म्हणजे गळ्यासारखं वाजवणं, आणि तंतकारी, म्हणजे सतारीसारखं, असे दोन रस्ते व्हायोलिनवाल्यांपुढे असतात. एन. राजम यांनी ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून गायकीचा रस्ता इतका उंच नेला की तो आता राजमार्ग झाला आहे. जोग दोन्ही रस्त्यांनी चालले आणि लयीच्या खेळात त्यांना जो आनंद व्हायचा तो लपत नसे.

बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी ज्यांनी ऐकली त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी लिहिते. सनई फुंकेची. श्वास संपला की सूर संपतो, आणि पुन्हा भरून घ्यावा लागतो. व्हायोलिनचा गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला की परत फिरताना सूर तुटत नाही, गज हलका असेल तर फिरलेला कळतही नाही. खाँसाहेब श्वास घेतात त्या निमिषात जोग तो सूर अलगद धरून ठेवतात. कुणाचा सूर कुठे संपला आणि कुणाचा कुठे सुरू झाला, हे पुष्कळदा उमगत नाही. मोठ्या माणसाच्या शेजारी बसून लहान न होणं एक, आणि त्याला लहान न करणं दुसरं. जोगांना दोन्ही साधलं होतं. कित्येक वर्षं मोठ्या गवयांच्या साथीला बसलेला माणूसच हे करू शकतो. साथ करताना आपला सूर दुसऱ्याच्या सुराच्या सावलीत ठेवायला शिकावं लागतं.

माझे गुरुजी लखनौला शिकलेले. सदरची एक खोली, खाली सतरंजी. त्यांच्याकडे बसायची पद्धत तीच, जी आपल्याकडचे सगळे व्हायोलिनवाले पाळतात. मांडी घालायची, उजवा पाय जरा पुढे काढायचा, व्हायोलिनची मान त्या पायाच्या घोट्यावर टेकवायची आणि अंग डाव्या खांद्याखाली छातीला लावायचं. साहेब उभा राहून हनुवटीखाली धरतो, त्यामुळे त्याचा डावा हात वाद्याचा भार थोडाफार उचलतो. आपण वाद्य दोन टोकांना टेकवून ठेवतो, म्हणून डावा हात पूर्ण मोकळा. मोकळा हात तारेवरून खालपासून वरपर्यंत घसरत जाऊ शकतो. मींड त्यातून येते. बोटाच्या टोकाला खोबरेल तेलाचा किंचित हात लावायचा, म्हणजे तार कापत नाही. गजाला राळ लावायची ती बेताने. कमी लावली तर गज तारेवरून नुसता सरकतो, जास्त झाली तर सुरात भुसा पडल्यासारखा वाटतो. गुरुजी गज हातात घेऊन, नाकाजवळ नेऊन सांगत, "अभी नहीं, दो हाथ और।" सुरुवातीला कित्येक दिवस फक्त मोकळ्या तारा. सा आणि प. घोडी आणि पट्टी यांच्या मधल्या दोन बोटांच्या जागेतून गज इकडेतिकडे न जाता सरळ गेला पाहिजे. बाहेर भाजीवाल्याचा आवाज, आत सा. मग प.

लयीचे धडे आले तेव्हा मला जोग कळायला लागले. त्यातला एक अगदी साधा सांगते, कुणीही टाळी देऊन करून पाहावा. तीनतालाच्या मात्रा सोळा. पाच मात्रांचा एक तुकडा घ्या, पाचव्या मात्रेवर ठाशीव सूर येईल असा. समेपासून सुरू करा. तुकडा झाला की एक मात्रा गप्प. पुन्हा तोच तुकडा. पुन्हा एक मात्रा गप्प. तिसऱ्यांदा तोच तुकडा. पाच आणि एक सहा, पुन्हा पाच आणि एक, बारा झाल्या, वर पाच, सतरा. तालात सतरावी मात्रा नाहीच, ती पुन्हा सम. तिसऱ्या तुकड्याचा शेवटचा सूर आणि तबल्याची थाप एकाच क्षणी येतात. याला तिहाई म्हणतात हे संगीत ऐकणाऱ्यांना माहीत आहे. जोग ती करत तेव्हा मधली गप्प मात्रा इतकी जिवंत असे की ऐकणारा श्वास धरून बसायचा. त्या गप्प मात्रेत गज हवेत उचललेला आहे हे रेडिओवरही दिसायचं. बाबा त्या क्षणी एरियल सोडून हात वर करत.

प्रभाकर जोगांविषयी लिहिते असं म्हटलं होतं. १९३२चा त्यांचा जन्म. सुधीर फडके यांच्या गीतरामायणात, म्हणजे १९५५च्या पुणे आकाशवाणीवरल्या त्या वर्षभराच्या सोहळ्यात, त्यांचं व्हायोलिन होतं. पुढे त्यांनी चाली दिल्या, वाद्यमेळ बांधले आणि 'गाणारं व्हायोलिन' या नावाने मराठी गाणी शब्दांशिवाय घराघरांत पोचवली. गाण्याचा शब्द ऐकू येईल असं वाजवणं ही सोपी गोष्ट नाही. जोडाक्षर कुठे आहे, ओळ कुठे तुटते, हे सगळं गजात आणावं लागतं. ३१ ऑक्टोबर २०२१ला ते पुण्यात गेले तेव्हा महाराष्ट्राने त्यांना मनापासून निरोप दिला. तो त्यांचा हक्कच होता. माझी खंत वेगळी आहे. एका जोगांना महाराष्ट्राने कुशीत ठेवलं आणि दुसऱ्यांना बंगालच्या ओटीत घातलं ते घातलंच. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९८०मध्ये, पद्मभूषण १९८३मध्ये, असे सन्मान देशाने दिले. पण मराठीत त्यांच्या वादनाची चर्चा करणारं लिखाण मला शोधूनही फारसं सापडत नाही. बंगाली मित्र त्यांना आपला मानतात आणि त्यांचं काही चुकत नाही. पन्नास वर्षं ज्या गावात माणूस सूर लावतो, ते त्याचं गावच.

दूरच्या मुलखात आपली भाषा आणि आपलं वाद्य धरून राहिलेल्या माणसांविषयी मला नेहमी ओढ वाटते. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात फ्रेंच बोलणारे शेतकरी आहेत, त्यांना केजन म्हणतात. त्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी १७५५पासून कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकलून लावलं, तेव्हा त्यांतले पुष्कळ दक्षिणेच्या दलदलीच्या प्रदेशात येऊन वसले. १९२१च्या राज्यघटनेने शाळांतून त्यांची फ्रेंच बंद केली. त्यांच्याकडे डेवी बाल्फा नावाचा एक व्हायोलिनवादक होऊन गेला. शेती केली, शाळेची बस चालवली आणि घरी भावांबरोबर वडिलांच्या काळची गाणी वाजवली. १९६४मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात केजन वादकांना हजारो लोकांनी डोक्यावर घेतलं, त्यांत तो होता. तिथून परतल्यावर त्याने ठरवलं की हे आपल्या मुलांना शिकवायचं, शाळांत जाऊन शिकवायचं. पुढे त्याचे दोन भाऊ मोटार अपघातात गेले, तरी त्याने वाजवणं सोडलं नाही. १९९२मध्ये तो गेला. त्याच्या मुलीने त्याचं संगीत चालू ठेवलं आणि त्याच्या नावाने दर वसंतात शिबिर भरू लागलं. तिथे म्हातारे वादक आणि लहान मुलं झाडाखाली एकत्र बसून वाजवतात.

बाल्फा आणि जोग यांच्या संगीताची तुलना मी करत नाही. एकाचं नाचाचं, घरगुती, एकाचं रागाचं. वाद्य मात्र तेच, चार तारांचं, घोड्याच्या केसांच्या गजाचं. तिथे त्यांनी आपल्या वादकाला मेल्यानंतर ज्या पद्धतीने जिवंत ठेवलं, ती पद्धत मला शिकण्यासारखी वाटते. पुतळा नाही, पुरस्कार नाही, तर शिबिर. तो वाजवायचा ते वाजवत राहायचं, लहानांना सोबत घेऊन.

जबलपुरात आता मराठी घरं कमी होत चालली आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला गेली, घरं विकली गेली. गोलबाजारातल्या दत्तमंदिरात गणपतीत अजून गर्दी होते, पण मराठी नाटक बसवायला माणसं जमवताना दमछाक होते. माझ्याकडे व्हायोलिन शिकायला येणारी मुलं बहुतेक हिंदी आणि पंजाबी घरांतली आहेत. मला त्यात काहीच वाईट वाटत नाही. जोगांनी बंगाली मुलांना शिकवलं, रातंजनकरांनी लखनौच्या मुलांना. आपल्या माणसांनी परमुलखात जे पेरलं ते त्या मुलखाचं झालं. त्यांना ती पाचाची तिहाई शिकवते, तेव्हा ही जोगांसारखी वाजवा असं सांगते आणि मग मोबाइलवर त्यांची बिस्मिल्लांबरोबरची जुगलबंदी लावते. मुलं पहिल्यांदा सनई ऐकतात, लग्नातली आहे म्हणून ओळखतात. मग हळूहळू दुसरा आवाज वेगळा काढतात.

वि. गो. जोग हे हिंदुस्थानी संगीतातल्या व्हायोलिनच्या इतिहासातलं पहिल्या रांगेतलं नाव आहे. गजाननरावांनी वाट पाडली. त्या वाटेवर उत्तर हिंदुस्थानभर सगळ्यात जास्त चालले ते जोग, आणि लयीच्या अंगाने तर त्यांच्या तोडीचा व्हायोलिनवाला मी ऐकलेला नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना आणि आमच्यासारख्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या घरांना माझी एक विनंती आहे. पुष्कळ मराठी घरांत कपाटावर, माळ्यावर, काळ्या लाकडी पेटीत एखादं व्हायोलिन पडलेलं असतं. आजोबांचं, आत्याचं, कुणाचं तरी. ते खाली काढा. तारा गंजल्या असतील, घोडी पडली असेल, गजाचे केस तुटले असतील. हे सगळं बाजारात मिळतं आणि दुरुस्त करून देणारा माणूस अजून प्रत्येक मोठ्या शहरात आहे. ते वाद्य एखाद्या मुलाला द्या, स्वतःच्या किंवा शेजारच्या. आणि घरात जुन्या टेपा असतील, रेडिओवरून उतरवून घेतलेल्या, त्यावर पेन्सिलीने जोगांचं नाव लिहिलेलं असेल, तर त्या फेकू नका, त्यांच्या प्रती करून घ्या.

३१ जानेवारीला त्यांची पुण्यतिथी असते. त्या दिवशी एक तास त्यांना ऐका.